बोट उचलल्याची खूण

‘सर, पान मागनं वाढते. आधी खाली येऊन टीव्हीकडं बघा,’ शकुवहिनी जिन्यातूनच म्हणाल्या. खिरीचा डाव त्यांच्या हातात तसाच होता.

‘बिघडला का?’

‘बिघडला असता तर बरं झालं असतं. चाललाय. आपला आपण.’

मी खाली गेलो. त्या दिवशी चोथ्यांच्या घरी म्हाळ होता, म्हणजे पितृपंधरवड्यात घरातल्या गेलेल्या माणसासाठी घालतात ते जेवण. घरमालक गजाननदादांच्या आई जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. सोप्यात पंगत बसलेली होती. यंत्रमागावरचे कामगार होते, चार पाव्हणे होते. पण पंगतीला जो गलका असतो तो नव्हता. सगळे हात आवरून समोर बघत होते.

टीव्हीवर चॅनल पळत होती. बातम्या, की लगेच कीर्तन, की क्रिकेट, की कोणी बाई रडतेय, की नुसत्या मुंग्या. प्रत्येकाला पापणी लवेल एवढाच वेळ. आवाजाचे तुकडे एकापुढे एक येत, त्यांतून काहीतरी वाक्य जुळतंय असं वाटे, आणि जुळत नसे. टीव्हीच्या वर दादांच्या आईचा फोटो, त्याला झेंडूचा ताजा हार.

‘रिमोट कुनाच्या हातात न्हाई, हे बघा,’ दादांनी रिमोट माझ्यापुढे धरला. ‘शेल बी काढून टाकलेत.’

‘टीव्हीच्याच बटणानं बंद केला तर?’

‘करून बघा तुम्हीच.’

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. पंगतीतल्या एका म्हाताऱ्या पाव्हण्यानं नुकताच सोडलेला श्वास परत आत घेतला, कारण तेवढ्यात टक् असा आवाज होऊन पडदा उजळला आणि चॅनल पुन्हा पळू लागली.

‘सासूबाईंचं असंच होतं,’ शकुवहिनी हळूच म्हणाल्या. ‘शेवटी शेवटी अंथरुणावर पडून निस्तं फुडचं बटन दाबत राहायच्या. एक चॅनल धड बघायच्या न्हाईत.’

‘तू गप,’ दादा म्हणाले. मग पंगतीकडे वळून, ‘जेवा ओ सगळी. आई आली असंल तर ती बी जेवूनच जाईल.’

कोणी हसलं नाही.

मला का बोलावलं, तेही सांगायला हवं. विट्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी होतो; ग्रंथपालाच्या हाताखाली. चोथ्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. माणसांशी बोलायची मला भीती वाटे, म्हणून संध्याकाळी काहीतरी खटपट करत बसायचो. त्या वर्षी रिमोटच्या खुणा उलगडायचा नाद लागला होता. रिमोटमधून उजेडच बाहेर पडतो, फक्त तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो भराभर लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यात एक आणि शून्य अशा आकड्यांची ओळ असते. मी टाकाऊ टीव्हीतून काढलेला, तो उजेड टिपणारा एक डोळा वायरीनं माझ्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला होता. त्याच्यासमोर रिमोटचं बटण दाबलं, की पडद्यावर ओळ उमटे. गल्लीतले लोक बंद पडलेले रिमोट घेऊन माझ्याकडे येत. मला त्यातलं फार कळतं असा त्यांचा समज होता. मी तो कधी दूर केला नाही. बोलावं लागलं असतं.

मी पंगतीतली एक कोरी पत्रावळ उचलली आणि टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यातल्या तांबड्या काचेवर धरली. चॅनल थांबली. बातम्या सांगणारी बाई सलग बोलू लागली. पत्रावळ काढली, पुन्हा पळापळ.

‘टीव्हीत दोष नाही,’ मी म्हणालो. ‘कुणीतरी कुठून तरी बटण दाबतंय.’

मग मी तीच पत्रावळ घेऊन सोपाभर फिरलो. दाराच्या बाजूनं आडवी धरली, काही फरक नाही. स्वयंपाकघराच्या बाजूनं धरली, नाही. खिडकीत धरली आणि टीव्ही शांत झाला.

खिडकीबाहेर दोन माणसं अंग चोरून जातील एवढा बोळ होता. बोळापलीकडे धाकट्या भावाचं, संपतचं घर. त्याची खिडकी बरोबर समोर.

‘आलं ध्यानात,’ दादा उठलेच. ‘संप्याच हाय. आईच्या म्हाळादिवशी सुदिक गप बसवत न्हाई त्याला.’

‘अहो, पण ती सगळी तर मिरजेला गेली की,’ शकुवहिनी म्हणाल्या. ‘परवाच गेल्यात चौघं. जीप भरताना मी बघितलं. म्होरच्या दाराला कुलूप हाय.’

दादा खिडकीपाशी उभे राहिले. समोरच्या खिडकीची काच बंद होती, आत अंधार.

या दोघा भावांची वाटणी सगळ्या गल्लीला पाठ होती. माग निम्मे निम्मे. कपाटं दोन, एकाच कारखान्याची. आईच्या वेळचा टीव्ही कोणी घ्यायचा यावर एवढं भांडण झालं, की पंचांनी तो विकायला लावला आणि एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बनावटीचे दोन घेऊन दिले. त्यामुळे एकाचा रिमोट दुसऱ्याला चाले. सुरुवातीला त्यावरूनही भांडणं झाली. मग बोळाच्या हद्दीवरून दावा पडला, कोर्टानं आहे तसं राहू द्या म्हणून हुकूम दिला, आणि भाऊ बोलायचे बंद झाले.

‘सर, तुमचं ते यंत्र काय सांगतंय बघा,’ शकुवहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘कुलपात कोन बसलंय?’

मी माडीवर गेलो. माझी खिडकीही त्याच बोळावर होती. वायर लांब करून मी तो डोळा खिडकीबाहेर सोडला आणि दादांनी खालून तो संपतच्या खिडकीकडे तोंड करून काठीला बांधला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या. एकाखाली एक, सगळ्या सारख्या. चोथ्यांच्या टीव्हीचा पत्ता, म्हणजे त्या बनावटीचा ठरलेला आकडा, त्यापुढे ‘पुढचं चॅनल’. डोळा जरा दुसरीकडे वळवला, की ओळी तुटत. खिडकीकडे केला, की पुन्हा लागत. म्हणजे संपतच्याच घरातून येत होत्या, यात शंका नव्हती. मला शंका नाही असं सहसा होत नाही.

पण मी बघत होतो तो तिसरा आकडा. या बनावटीच्या रिमोटमध्ये तिसऱ्या आकड्याचं एक वेगळं काम असतं. माणूस बटण दाबून धरतो तोवर तो बदलत नाही. बोट उचलून पुन्हा दाबलं, की तो पलटतो. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. एकदा दाबलं की दोनदा, हे टीव्हीला कळावं म्हणून ती खूण ठेवलेली असते. बोट उचलल्याची खूण.

तिसरा आकडा एक होता. प्रत्येक ओळीत एक. मी बघत बसलो. एक, एक, एक. पंगत उठली, दुसरी बसली, तरी एक. जो कोणी बटण दाबत होता त्यानं बोट उचललंच नव्हतं.

माणूस असं करत नाही. माणसाचं बोट दुखतं, तो हात बदलतो. माझ्या मानेवर काटा आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. मी खिडकीतून खाली वाकून म्हणालो, ‘दादा, रिमोटवर काहीतरी पडलेलं असावं. वजन. बटण दाबलेलं आहे, ते सुटतच नाही.’

‘हात्तिच्या!’ दादा मोकळे झाले. ‘उंदरानं काय तरी पाडलं असंल. शेल उतरलं की आपोआप बंद हुईल. शकू, त्या टीव्हीवर पोतं टाक आन् वड्याचं बघ.’

खाली पुन्हा बोलणी सुरू झाली, कोणीतरी हसलंही. मी मात्र खुर्चीवरून उठलो नाही. मधल्या काही ओळी गळू लागल्या होत्या. सेल खरंच उतरत होते. उतरू देत, मी म्हणालो. तरी त्या काळ्या पडद्यावरून नजर निघेना. बंद घरात काहीतरी सारखं एकच म्हणत होतं आणि ते वाचणारा मी एकटा होतो.

पाव्हणे गेल्यावर बोळात शकुवहिनींचा आवाज आला.

‘एकदा इचारा तरी. इचारायला काय जातंय?’

‘कुनाला इचारू? भिताडाला?’

‘सासूबाईंचा आत्मा कशात तरी आडकला असंल. थोरला ल्योक हायसा तुम्ही.’

 दादांनी घसा खाकरला. एरवी मागाच्या खडखडाटावर आवाज चढवणारा माणूस, पण आवाज निघाला तो अगदी बारीक.

‘आई. काय पायजे तुला?’

कुठल्या तरी शेडमधला माग तेवढा वाजत होता. मी नकळत पडद्याकडे बघितलं. एक. एक. एक.

‘आई, काय राहिलं असंल तर सांग.’

एक.

‘झालं समाधान?’ दादा उखडले. स्वतःची लाज वाटली की माणूस दुसऱ्यावर चिडतो, तसे ते समोरच्या बंद खिडकीवर चिडले. ‘ह्या भाड्यापायी मी खुळा ठरलो! आरं ए संप्या, बैला, आईच्या म्हाळाला पाठ दावून बायकूच्या म्हायेरी जाऊन गिळतोस व्हय रं? लाज वाटती का, मुडद्या!’

पडद्यावर ओळी तुटल्या. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा सुरू झाल्या.

तिसरा आकडा शून्य होता.

मी चष्मा काढून पुसला. शून्यच. ढगातून थोडं ऊन आलं होतं, उन्हानं कधी कधी वाचन बिघडतं. तसंच असेल. माझंच चुकत असेल. पण उन्हानं एखादी ओळ बिघडते, अशा सगळ्याच्या सगळ्या नीट होऊन पलटत नाहीत.

‘दादा,’ मी खिडकीतून म्हणालो, ‘पुन्हा बोला.’

‘काय बोलू?’

‘तेच. आत्ता बोललात ते.’

‘शिव्या?’ दादांनी वर बघितलं. ‘सर, तुम्ही मला शिव्या द्यायला सांगताय?’

‘हो. द्या.’

ते माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांना कधी काही करायला सांगितलं नव्हतं. मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि जरा अडखळत, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाले, ‘संप्या, हरामखोरा, बोळ गिळलास, आता काय घर गिळतोस?’

ओळी तुटल्या. लागल्या. एक.

‘अजून.’

‘आईच्या दुधाला जागला न्हाईस!’ हे मात्र पाठ केलेलं नव्हतं.

तुटल्या. लागल्या. शून्य.

 आई म्हणून हाक मारली तेव्हा नाही. नुसतं गप्प बसलो तेव्हा नाही. धाकट्याला शिवी दिली की मात्र, दरवेळी.

‘दादा, आत माणूस आहे.’

‘काय?’

‘उंदीर नाही, वजन नाही. तुम्ही ओरडलात की बोट उचललं जातंय. संपत आत आहे. दार फोडा.’

दादांचा पडलेला चेहरा वरूनही मला दिसला. ‘कोर्टाचा हुकूम हाय, सर. त्याच्या घराला मी हात लावला तर त्याची बायकू मला बेड्या घालंल. मी कुलूप फोडलं आन् आत कोन न्हाई, असं झालं तर?’

‘सरांना काय दिसलंय त्ये बघा की,’ शकुवहिनी म्हणाल्या.

‘दिसलं म्हंजे आकडाच दिसला न्हवं?’ दादांनी पुन्हा मान वर केली. ‘खात्री हाय तुमची?’

माझी कशाबद्दलच खात्री नसते. पुस्तकाचा अनुक्रमांक मी दोनदा तपासतो, दाराची कडी तीनदा. तो आकडा तीन वेळा पलटताना मी पाहिला होता, आणि तरी माझ्या मनात ‘नाही’ हाच शब्द तयार होता. पडद्यावर ओळी विरळ झाल्या होत्या. एक ओळ, मग बराच वेळ काळोख, मग एक ओळ. सेल संपले की विचारायलाही काही उरणार नव्हतं.

‘आहे,’ मी म्हणालो.

‘कोर्टात येऊन सांगाल?’

‘सांगेन.’

दादा पहार आणायला पळाले. पुढच्या दाराचं कुलूप जाड होतं, म्हणून कामगारांना घेऊन ते मागच्या दाराकडे गेले. तिथून कोणीतरी ओरडलं, ‘आतनं कडी हाय!’ मग पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. मी जागचा हललो नाही. ओळ आली. आली. आली. लाकूड फाटल्याचा मोठा आवाज झाला, आणि त्यानंतर ओळ आली नाही.

मी खाली गेलो तेव्हा दादा जमिनीवर बसले होते आणि संपतचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. तो खिडकीखाली कुशीवर पडला होता. उजवा हात रिमोटवर आडवा पडलेला, डावा अंगाखाली दबलेला; रिमोटचा उजेड छतावर आपटून खिडकीबाहेर येत असावा. शेजारी केळीचं पान होतं. त्यावर भात, दोन वडे, थोडी खीर. हॉटेलातून आणलेलं असावं, वाट्या प्लास्टिकच्या होत्या. पान खिडकीकडे तोंड करून मांडलं होतं.

त्या खिडकीतून काय दिसतं ते बघायला मी वाकलो. दादांच्या सोप्यातला टीव्ही दिसत होता आणि त्याच्यावर आईचा फोटो. सगळ्या वस्तू दोन दोन झाल्या होत्या; फोटो एकच होता आणि तो दादांनी कॉपी काढायलाही दिला नव्हता. संपत दरवर्षी म्हाळाच्या वेळी गावाला जायचा, असं सगळ्यांना वाटे. तो जीप स्टँडवर थांबवून उतरायचा आणि मागच्या दारानं परत यायचा. पुढच्या कुलपामुळे कोणी बोलवायलाही येत नसे. मग बंद काचेमागे बसून, समोरच्या घरातल्या फोटोला बघत, तो आपलं वेगळं पान वाढायचा. हे त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवी बाजू गेली आहे, सकाळपासूनच पडलेला असावा, अजून उशीर झाला असता तर हाती लागला नसता. दोघा भावांच्या खिडक्यांच्या काचा त्यानंतर उघड्याच असत. दाव्याच्या तारखेला कोणीच गेलं नाही म्हणून दावा निकाली निघाला, असं ऐकलं.

दिवाळी झाल्यावर एकदा दादा माडीवर आले. खुर्ची रिकामी असून खाली कडप्प्याच्या फरशीवर बसले.

‘सर, एक इचारू? संपतला आता थोडं बोलता येतंय. म्हणतो, दादा, तुझ्या शिव्या सगळ्या ऐकू येत हुत्या. पन बोटसुदिक हलत नव्हतं. हलवायचं लई बघितलं, म्हणतो. डॉक्टरला इचारलं. त्ये म्हणाले, त्यो हात हलनं शक्यच न्हाई. मग तुमचा आकडा कसा पलटला?’

मी यावर बरंच वाचलं होतं. सेल उतरले की रिमोट मधेच मरतो आणि पुन्हा जागा होतो, तेव्हाही तो आकडा पलटू शकतो, असं मी त्यांना सांगितलं. उन्हाचं सांगितलं. हात सैल पडला की वजन सरकतं, तेही सांगितलं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. ‘म्हंजे शेल उतरलं म्हणून.’

‘असू शकेल.’

‘मी आईला हाक मारली तवा न्हाई उतरलं. त्याला शिवी दिली की उतरायचं.’

मी कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला घेतली.

‘शकू काय म्हणती, म्हाईत हाय? म्हणती, तुम्ही हाक मारल्यावर सासूबाईंनी कवा ओ दिली हुती? पन धाकट्याला कुनी वाकडं बोललं, की हातातलं टाकून उठायच्या.’ ते थोडे हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. ‘आता तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेलं मानूस.’

बोळातून मागाचा आवाज येत होता. कॉम्प्युटर बंद होता. त्या दिवसानंतर मी तो लावला नव्हता.

‘माझं वाचण्यातच चुकलं असेल, दादा,’ मी म्हणालो.

अजूनही कोणी विचारलं तर मी हेच म्हणतो. दादा गुडघ्यावर हात ठेवून उठले. जिन्याच्या तोंडाशी थांबले.

‘मग मी दार कशाच्या भरवशावर फोडलं, सर?’

आणि उत्तराची वाट न बघता ते खाली उतरले; संपतला धरून चालवायची वेळ झाली होती.